पन्नास पावलांच्या आत

शुक्रवार, २४ नोव्हेंबर २०२३

कार्तिकी एकादशी आणि थँक्सगिव्हिंग यंदा एकाच गुरुवारी आले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी शेजाऱ्यांकडे टर्की असं मी जमवून घेतलं आणि आईला त्यातलं निम्मंच सांगितलं. आज तिचा फोन आला तेव्हा मी गाडीत सामान भरत होतो. इथे पिट्सबर्गला सकाळ, तिकडे कुडाळला तुळशीचं लग्न लागायची वेळ.

"खंय चललंस?"

"रानात. हरणाच्या पारधीक."

"तुळशीच्या लग्नादिवशी? तुझो आजो आसतो तर—" एवढं म्हणून ती स्वतःच थांबली. आजोबा असते तर माझ्याआधी गाडीत बसले असते, हे तिलाही ठाऊक होतं.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. एका बाराची बंदूक, दुसरा बार ठासेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात. म्हणून त्यांचा एकच नियम: "जनावराचो डोळो दिसलो नाय तर बार काढू नको." मी त्या बंदुकीला फक्त तेल लावलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या माझ्यासारख्यासाठी शिकार ही आजोबांच्या ओसरीवर ऐकायची गोष्ट होती.

पेनसिल्व्हेनियात मात्र ती अगदी घरगुती गोष्ट आहे. ऑफिसातला मित्र तीन वर्षं मागे लागला होता. शेवटी वसंतात शिकाऱ्यांसाठीचा सक्तीचा वर्ग केला, परीक्षा दिली, परवाना काढला. एक गंमत सांगतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला इथे बंदूक जवळ बाळगायला एरवी मनाई असते, पण शिकारीचा परवाना काढला की सूट मिळते. माझं ग्रीन कार्ड आधीच झालं होतं, त्यामुळे त्या सवलतीची गरज पडली नाही.

नराच्या शिकारीची चिठ्ठी साध्या परवान्याबरोबरच मिळते. मादीसाठी मात्र विभागवार वेगळा परवाना. तो काढायला गेल्या वर्षापर्यंत गुलाबी पाकिटं कौंटीच्या खजिनदाराला टपालाने पाठवावी लागत. यंदापासून सगळं ऑनलाइन झालं. मित्राच्या वडिलांना ते अजिबात रुचलेलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, चेरीच्या लाकडाचं काम करणारे सुतार, सगळे त्यांना पॉप म्हणतात. "पाकीट चाटून चिकटवल्याशिवाय सीझन आल्यासारखं वाटत नाही," हे त्यांचं म्हणणं मी आज तीनदा ऐकलं.

२८ नंबरने ब्रुकव्हिल, तिथून लीपर, मग ६६ नंबरचा रस्ता मॅरियनव्हिलवरून केनपर्यंत. केनला पेनसिल्व्हेनियाची बर्फपेटी म्हणतात आणि गाडीतून उतरताच त्याचं कारण कळतं. कॅम्प म्हणजे दोन खोल्या, लाकडाची शेगडी, दुमजली बाकं आणि भिंतीवर पन्नास वर्षांची शिंगं.

जेवण झाल्यावर पॉपनी टेबलावर दोन बंदुका ठेवल्या, दोन्ही रिकाम्या. तरी माझ्या हातात देण्याआधी चापाभोवतीची लिव्हर, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायचा दांडा, उघडून दाखवली, मी परत देताना मीही उघडून दाखवावी असं खुणावलं. एक त्यांच्या वडिलांची विंचेस्टर ९४. जॉन ब्राउनिंगने आखलेलं हे मॉडेल १८९४ चं, आणि त्याला जगभर नाव मिळवून देणारं थर्टी-थर्टी काडतूस पुढच्या वर्षी आलं. पहिलं तीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाचे तीस शतांश. दुसरं तीस म्हणजे मूळ काडतुसातली दारू, तीस ग्रेन (दारू मोजायचं बारीक वजन). बिनधुराच्या दारूवर चालणारं अमेरिकेतलं शिकारीचं हे पहिलं बारीक काडतूस. अशा सत्तर लाखांहून जास्त बंदुका बनल्या. दुसरी मार्लिन ३३६, या पाच दिवसांपुरती माझी.

हातात घेतली आणि आधी जाणवला तो तिचा हलकेपणा. तीन किलोच्या आसपास, नळी वीस इंच, दोन्ही बाजू चपट्या. मधोमध धरली की मूठ बरोबर मिटते आणि दिवसभर एका हातात नेता येते. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, म्हणून गोळीचं नाक चपटं. टोकदार असतं तर ते पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर टेकून राहिलं असतं आणि धक्का बसला की आतल्या आत दिवाळी. चपट्या नाकाची गोळी हवेत लवकर दमते. दीडशे यार्डांपुढे ती फारच खाली झुकायला लागते, आणि आजच्या दुर्बीण लावलेल्या बंदुकांपुढे हे आकडे सांगायलाही लाज वाटावी.

पॉपना लाज वाटत नाही. "पन्नास पावलं," ते म्हणाले. "त्याच्या पुढचं हरीण आपलं नाही."

मी आजोबांचं वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. म्हातारा बराच वेळ हसत राहिला, मग विचारलं, "त्यांची बंदूक कुठली होती?" ठासणीची म्हटल्यावर मान हलवली. नाताळानंतर इथे फक्त चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो, १९७४ पासून. तुझे आजोबा त्यात चालले असते, म्हणाले.

शनिवार, २५ नोव्हेंबर

चारला उठलो. बाहेर पाणी गोठलेलं. आत बेकन, अंडी आणि बटाटे, आणि माझ्या डब्यात बायकोने बांधलेल्या दशम्या. दशम्या साडेचारलाच संपल्या, त्यात माझा वाटा एक.

भगवे कपडे सक्तीचे. डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान अडीचशे चौरस इंच झगझगीत भगवा रंग, सगळ्या बाजूंनी दिसेल असा. हरणाला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याची नजर निळ्याकडे तेज. माणसाला मात्र दिसतो, म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशीही माणसं घरी परत येतात. आम्ही पाच जण टॉर्च लावून एका रांगेत रानात शिरलो तेव्हा मला थेट पंढरीच्या वाटेवरची दिंडी आठवली. फक्त टाळ नव्हते आणि कोणी बोलत नव्हतं.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो. मला पॉपनी एका उन्मळून पडलेल्या हेमलॉकच्या मुळाशी बसवलं, समोर ओहोळ, पलीकडे चढ. "हलू नकोस," एवढीच सूचना. बसणं म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पहिला तास गुडघा, दुसरा तास बोटं, तिसऱ्या तासाला नाकाच्या शेंड्याखेरीज काही शिल्लक आहे की नाही याची शंका. दूरवर बार ऐकू येत होते, एकेकटे, मध्येच दोन.

कंटाळा आला की माणूस झाडं बघतो. या ॲलेगेनी राष्ट्रीय वनाला यंदा शंभर वर्षं झाली, १९२३ चं आहे ते. पाच लाख एकरांहून मोठं. जाहीर झालं तेव्हा इथे रान असं नव्हतंच. लाकूडतोडीने डोंगर बोडके झाले होते, लोक त्याला झुडपांचा ढीग म्हणत. हरणंही संपल्यात जमा होती. १८९५ च्या कायद्याने राज्याचं गेम कमिशन आलं, पुढे बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये मादी मारायला बंदी घातली. तोडलेल्या रानात कोवळा पाला हातभर उंचीवर, प्यूमा-लांडगे उरलेले नाहीत. हरणं एवढी वाढली की त्यांनी रानच खाऊन टाकलं. आज माझ्यासमोर जमिनीवर वाळलेलं नेचं आणि बीचची रोपं होती, बाकी काही नाही. कारण हरणं हे दोनच सोडतात. मेपलचं एक रोप शोधायचं म्हणून मी नजर फिरवत राहिलो, सापडलं नाही. मादीचे परवाने कशासाठी देतात, हे कुठल्या पत्रकापेक्षा त्या मोकळ्या जमिनीने चांगलं समजावलं.

अकराच्या सुमाराला पलीकडच्या चढावर तीन हरणं आली. राखाडी, झाडांच्या रंगाची. चालली तेव्हाच दिसली, थांबली की नाहीशी. दीडशे पावलं तरी असतील. मी बंदूक गुडघ्यावर ठेवली आणि मागच्या बारीक भोकातून पुढच्या माशीकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेकडे, पाहिलं. माशीने अख्खं हरीण झाकलं. संपला प्रश्न. ती दहा मिनिटं चरली, मी दहा मिनिटं पाहिली. दुर्बीण असती तर मी चाप ओढला असता, हे मला तेव्हाच कळलं. आणि नीट सांगायचं तर दुर्बीण नव्हती याचा रागही आला.

संध्याकाळी कॅम्पवर एक नर टांगलेला होता, मित्राच्या चुलत भावाने मारलेला. एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं असली तरच नर मारता येतो. याला चार होती. पॉपनी तो पाहिला, कौतुक केलं, मग विचारलं, "किती पावलं?" सत्तर. पॉप काही न बोलता शेगडीत लाकूड घालायला गेले.

रविवार, २६ नोव्हेंबर

पॉप आज आले नाहीत. या राज्यात रविवारी हरणाच्या शिकारीला पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती. २०१९ च्या कायद्याने वर्षात तीन रविवार मोकळे केले. त्यांच्या हाडात मात्र बंदी अजून आहे. शनिवारच्या सुरुवातीलाही ते मानत नाहीत. १९६३ ते २०१८ हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असायची. "उद्या पहिला दिवस," ते गंभीरपणे म्हणाले. म्हणजे काल आम्ही काय केलं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

आजची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत माझी अब्रू आहे.

दुपारी दोनला, बीचच्या दाटीत, मी आणि मित्र शंभर पावलांच्या अंतराने हळूहळू चालत होतो. दोन पावलं टाकायची, एक मिनिट थांबायचं. एका थांब्याला समोर कान हलला. फक्त कान. मग नाक, मग डोळा. मादी, चाळीस पावलांवर, माझ्याकडे बघत. आजोबांच्या नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. बंदूक वर गेली, माशी खांद्यामागे बसली, मी चाप ओढला. काही नाही. जोर लावला. काहीच नाही.

या बंदुकांचा घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, चालताना अर्ध्या खाचेत ठेवतात. तिथे चाप अडतो, तेच त्याचं कुलूप. बार काढायचा तर अंगठ्याने घोडा पूर्ण मागे ओढायचा. मी विसरलो, आठवल्यावर ओढला, आणि त्या गोठलेल्या रानात 'खट्‌' असा आवाज झाला की केनच्या चर्चमध्ये ऐकू गेला असेल. मादीने पाय आपटला, नाकातून फुत्कार सोडला आणि पांढरी शेपटी झेंड्यासारखी उभारून निघून गेली. तिच्यामागून आणखी दोन शेपट्या. ती दोघं मला दिसलीच नव्हती.

रात्री पॉपनी रिकाम्या बंदुकीवर शिकवलं. चाप आधी दाबून धरायचा, मग अंगठ्याने घोडा मागे न्यायचा, मग चाप सोडायचा, मग अंगठा ढिला करायचा. आवाज नाही. नळीचं तोंड कायम जमिनीकडे, आणि अंगठा निसटला तर काय होईल हे डोक्यात. पन्नासदा करून घेतलं. शेगडीशी बसलेल्यांनी पैजा लावल्या.

बाहेर आलो तर ढगांच्या फटीतून चंद्र. त्रिपुरारी पौर्णिमा. घरी आज देवळाच्या दीपमाळेवर पणत्या लागल्या असणार.

सोमवार, २७ नोव्हेंबर

रात्री तीन बोटं बर्फ पडला. पॉप साडेतीनला उठून दाढी करून तयार.

बर्फ म्हणजे वर्तमानपत्र. कोण कुठून कधी गेलं सगळं छापलेलं. ओहोळाकडे उतरणारे ताजे ठसे पाहून पॉपनी बेत आखला. कोकणातला हाका मी ऐकून ओळखतो: डबे वाजवत, कुत्री सोडून, आरडाओरड करत रान उठवायचं. इथे हरणामागे कुत्री सोडायला कायद्याने मनाई, आणि आवाज पॉपच्या मनाईने. तिघांनी खालून ओहोळाच्या काठाने नुसतं चालत यायचं, झाड पाहायला थांबावं तसं थांबत. हरणं घाबरून उधळली तर कोणाच्याच कामाची नाहीत. नुसती अस्वस्थ होऊन सरकली तर नेहमीच्या वाटेनेच सरकतात. ती वाट दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून जाते आणि त्या खिंडीत, दोन हेमलॉकच्या मध्ये, मला उभं केलं. खालचे तिघे कुठून येणार तेही हात धरून दाखवलं: त्या बाजूला बार नाही, काहीही झालं तरी नाही.

मधल्या ओंडक्यावरून घसरून मी आधीच एकदा पडलो होतो. उभा राहिल्यावर सवयीने भोकातून पाहिलं तर अंधार, आत बर्फ ठासलेला. तोंडाने फुंकला असता तर ओल गोठली असती. काडीने कोरून काढला. नळीच्या तोंडात तर बर्फ नाही ना, हे लिव्हर उघडून काडतुसं काढून पुन्हा पाहिलं. ही बंदूक रिकामी करायची तर नळीतलं एकेक काडतूस लिव्हरने बाहेर काढावं लागतं. बर्फात पडलेली चार काडतुसं वेचताना बोटं बधिर झाली.

वीस मिनिटं गेली. मग एक थोराड मादी खिंडीत आली, मान खाली, घाई नाही. तिच्यामागे दोन पाडसं, आता जवळजवळ तिच्या खांद्याला लागणारी. मी त्यांना जाऊ दिलं. दयाबुद्धी म्हणू नका, घोडा ओढायला जमेना. मग अंतर ठेवून आणखी एक, एकटी. चाप दाबला, घोडा मागे, चाप सोडला, अंगठा ढिला. आवाज नाही. ती थांबली आणि मागे वळून खालच्या माणसांच्या दिशेने कान केले. तिच्या पापणीवर बर्फाचा कण होता. एवढ्या जवळ.

बाराचा धक्का मला आठवत नाही. तिने उडी मारली, शेपटी खाली दाबून धावली आणि हेमलॉकच्या मागे गेली. मी तिथेच राहिलो. पॉपनी सांगितलं होतं, अर्धा तास जागचं हलायचं नाही. मागे लागलास तर ती मैलभर जाईल, नाही लागलास तर लगेच पडून राहील. अर्धा तास मी हात काखेत धरून थरथरत होतो, आणि ती थंडी नव्हती.

ती उभी होती तिथे आखूड तपकिरी केस, मग बर्फावर रक्त. गुलाबी, बुडबुडे असलेलं. पॉपनी बोट लावून पाहिलं. फुप्फुस, म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथून सत्तर पावलांवर ती पडली होती. डोळ्याला काडी लावून पाहिली, हलली नाही. मग बार लागला तेव्हा ती उभी होती तिथून त्यांनी मला माझ्या उभं राहायच्या जागेपर्यंत परत पाठवलं, पावलं मोजत यायला.

अठ्ठावीस.

चाकू त्यांनी माझ्याच हातात दिला. पोट फाडताना धार वर ठेवायची, आतडी फुटू द्यायची नाहीत, मूत्राशय चिमटीत धरून कापायचं. वाफ आली. माझी बधिर बोटं तिच्या आत ऊब घेत होती, आणि त्याची लाज वाटायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पॉपनी जबडा उघडून दाढा दाखवल्या. खालची तिसरी दाढ अजून तीन भागांची दुधाची होती. म्हणजे दीड वर्षाची. काळीज वेगळं काढून पिशवीत घातलं. चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहून कानाला बांधली. मग ओढणं. पाऊण मैल, चढावर. यात वर्णन करण्यासारखं काही नाही, कंबर अजून बोलते आहे.

रात्री काळीज कांद्यावर परतलं. मी आणलेलं मालवणी मसाल्याचं पाकीट काढलं. पॉपनी एक घास खाल्ला, घाम पुसला आणि पाकीट स्वतःच्या बाजूला ओढलं.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा हिमवर्षाव, म्हणून लवकर निघालो. मादी शहराजवळच्या खाटकाकडे दिली. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही. खायचं, वाटायचं किंवा दान करायचं. 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' नावाचा एक उपक्रम १९९१ पासून असं मांस गरजूंच्या अन्नकेंद्रांना पोचवतो. मी एक मांडी तिकडे द्यायची म्हणत होतो. खाटीक म्हणाला तुकड्यात नको, दिलंस तर अख्खं दे. पुढच्या वर्षी, म्हटलं.

परवान्यावर मारलेल्या मादीची नोंद दहा दिवसांत करावी लागते. ती मी गाडीतूनच फोनवर केली. तारीख, कौंटी, टाउनशिप, विभाग, कुठल्या हत्याराने. अंतराचा रकाना त्यात नव्हता.

तो आईने विचारला. आधी हरणाबद्दल चकार शब्द नाही, दीपमाळेला किती पणत्या लावल्या ते सांगितलं, काजूला यंदा मोहोर लवकर येणार ते सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं:

"किती पावलांवरून?"

"अठ्ठावीस."

"डोळो दिसलो?"

"दिसलो."

"हूं." थोडा वेळ काही नाही. "त्या मांसाक चरबी नसता. तेल वाईच जास्त घाल, आणि कोकमां इसरू नको."